जुनी स्विफ्ट डिझेल आणि तिचं १.३ इंजिन: खर्च कुठे निघतो, कुठे काढला जातो

स्विफ्ट, डिझायर, रिट्झ, एर्टिगा, इंडिका व्हिस्टा, मान्झा, पुंटो, लिनिया. नावं आणि कंपन्या वेगळ्या, पण या सगळ्यांच्या बहुतेक डिझेल मॉडेलमध्ये बॉनेटखालचं इंजिन एकच: फियाटचं १२४८ सीसीचं १.३ मल्टिजेट. मारुतीने त्याला डीडीआयएस म्हटलं, टाटांनी क्वाड्राजेट. मारुतीचं मानेसरला बनायचं, फियाट-टाटांचं आपल्या पुण्याजवळच्या रांजणगावला. २००७च्या जानेवारीत स्विफ्टमध्ये आलं आणि २०२०च्या एप्रिलमध्ये बीएस-६ हा प्रदूषणाचा नियम लागू झाल्यावर मारुतीने ते बंद केलं. म्हणजे आज बाजारात जी आहे ती प्रत्येक गाडी जुनीच आहे, आणि दोन-अडीच लाखांत मिळणाऱ्या बऱ्याच गाड्या दीड लाख किलोमीटरच्या पुढे गेलेल्या आहेत. मीटर काहीही सांगो.

हे परीक्षण नव्या गाडीचं नाही. अशी वापरलेली गाडी घेतली किंवा घरात आहे, आणि गॅरेजमधून "इंजिनचं काम निघालंय" असा फोन आला, तर हे इंजिन पैसे लावण्याच्या लायकीचं आहे का, एवढ्यापुरतं आहे.

आधी निकाल: इंजिन चांगलं आहे. ब्लॉक बिडाचा आहे, तेल वेळेवर मिळालं तर खालचा भाग, म्हणजे क्रँक, पिस्टन, बोअर, तीन लाख किलोमीटर सहज काढतो. पण तेलाच्या बाबतीत हे इंजिन अजिबात माफ करत नाही. सम्पमध्ये, म्हणजे इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्यात, तेल जेमतेम तीन लिटर मावतं. तेवढ्या तेलावर टर्बो, टायमिंग चेनचा टेन्शनर, व्हॉल्व्हचं अंतर आपोआप राखणारे हायड्रॉलिक टॅपेट आणि पिस्टनचं कूलिंग, सगळं चालतं. जुन्या अ‍ॅम्बेसेडरसारखं "लिटरभर कमी असलं तर काय होतंय" इथे चालत नाही, कारण लिटरभर म्हणजे एक तृतीयांश. या इंजिनाचे बहुतेक महागडे आजार इथूनच सुरू होतात.

चेन: पहिला आणि सगळ्यात महाग संशयित

"चेन आहे, बेल्ट नाही, म्हणजे आयुष्यभर बघायला नको" हे वाक्य प्रत्येक विकणारा ऐकवतो. अर्धं खरं आहे. क्रँकच्या मेळाने व्हॉल्व्ह उघडणारा कॅम फिरवणारी ही चेन बेल्टसारखी वय झालं म्हणून तुटत नाही, पण झिजते. तिच्या प्रत्येक पिनेत थोडी थोडी झीज झाली की पूर्ण चेन लांब होते. तेलात काजळी जास्त असेल तर ही झीज वेगाने होते, कारण डिझेलची काजळी पॉलिश पेपरसारखं काम करते. चेन ताणून धरणारा टेन्शनर तेलाच्या दाबावर चालतो; तेल कमी किंवा घट्ट असेल तर सेल्फ मारल्यावर पहिले काही सेकंद चेन सैल असते आणि गाइडवर आपटते.

ओळखायचं कसं? गाडी रात्रभर उभी ठेवा. सकाळी बॉनेट उघडून सेल्फ मारताना पुलीच्या बाजूला कान द्या. एक-दोन सेकंद खडखड होऊन गप्प झाली तर तेल बदलून लक्ष ठेवा. खडखड चालूच राहिली किंवा इंजिन गरम झाल्यावरही आयडलवर साखळी ओढल्यासारखा आवाज येत असेल तर चेन आणि टेन्शनर गेले. स्कॅनरवर पी००१६ हा कोड दिसला तर तो कॅम आणि क्रँक यांचा मेळ बसत नाही असं सांगतो. सेन्सर बदलून तो कोड घालवायचा सल्ला मिळेल. आधी सेन्सरची वायर आणि कपलर तपासा, ते ठीक असतील तर चेनकडेच वळा. पक्की खात्री टायमिंग लॉकच्या टूलने होते: क्रँक लॉक केल्यावर कॅमच्या लॉकिंग पिना जागेवर आपसूक बसायला हव्यात. ठोकून बसवाव्या लागल्या तर चेन लांबलेली आहे.

चेनने दात सोडला की व्हॉल्व्ह पिस्टनला लागतात. या इंजिनाची एक जमेची बाजू अशी की पहिला मार बहुधा रॉकर आर्म, म्हणजे कॅम आणि व्हॉल्व्हमधले छोटे दांडे, खातात. ते बारीक आहेत, तुटतात, आणि फ्यूजसारखं काम करून कधी कधी व्हॉल्व्ह आणि पिस्टन वाचवतात. म्हणून चेन सुटलेल्या गाडीवर "पूर्ण इंजिन गेलं" हा निकाल कव्हर उघडल्याशिवाय मान्य करू नका. कव्हर काढून तुटलेले रॉकर मोजा आणि तुकडे जुळवून बघा. एखादा तुकडा तेलाच्या वाटेने सम्पमध्ये गेला असेल तर तो शोधल्याशिवाय इंजिन बांधायचं नाही. मग चेन टायमिंगवर बसवून प्रत्येक सिलिंडरची लीक-डाउन टेस्ट करा: हवेचा दाब देऊन ती कुठून निसटते ते ऐकायचं. इनटेकमधून किंवा सायलेन्सरमधून फुस्स आवाज आला तर व्हॉल्व्ह वाकलाय आणि हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, उतरवायलाच हवं. नाही आला तर रॉकर, टॅपेट आणि चेन किट एवढ्यावर भागतं.

चेन किट म्हणजे फक्त चेन नव्हे. चेन, टेन्शनर, दोन्ही गाइड आणि स्प्रॉकेट (दातेरी चाकं) सगळं एकदम. जुन्या स्प्रॉकेटवर नवी चेन घालणं म्हणजे झिजलेल्या दातांवर नवं सामान झिजवणं. किट कंपनीचं घ्या किंवा शेफलरचं आयएनए. डबा उघडून टेन्शनरवरचं छापलेलं नाव बघा, नुसत्या खोक्यावर जाऊ नका. काम कटकटीचं आहे कारण सम्प आणि पुढचं कव्हर उतरवावं लागतं. परत बसवताना कव्हरला सिलिकॉन लागतं, आणि इथेच घाई नडते. सिलिकॉन बोटभर जाड लावलं की आत दाबलं गेलेलं सुटून तेलाच्या जाळीत अडकतं, आणि हजार किलोमीटरवर बेअरिंग जातं. तीन मिलिमीटरची सलग रेघ पुरते, आणि सुकायला ट्यूबवर लिहिलेला वेळ द्यायचा. सम्प उतरलेलाच आहे तर जाळी स्वच्छ करून, ओ-रिंग नवी घालून मगच बसवायला सांगा.

चेन वाजते त्या टप्प्यावर काम केलं तर खर्च वीस हजारांच्या अलीकडे-पलीकडे राहतो. रॉकर तुटल्यावर तो दुपटीकडे जातो. व्हॉल्व्ह-पिस्टनचं काम निघालं की साठ-सत्तर, आणि क्रँकपर्यंत गेलं तर लाखाच्या घरात. हे ढोबळ आकडे आहेत, शहर आणि सामान बघून वरखाली होतात, पण त्यांच्यातलं अंतर साधारण असंच असतं.

घाटात आणि चढावर गाडी लावणाऱ्यांसाठी एक गोष्ट. तोंड चढाकडे करून, पहिला गिअर टाकून, हँडब्रेक अर्धवट ओढून गाडी सोडली की ती मागे रेलते आणि इंजिन उलटं फिरतं. बंद इंजिनात टेन्शनरला तेलाचा दाब नसतो, त्यामुळे सैल चेन दात सोडू शकते. धक्का मारून सुरू करतानाही सैल चेनचा हाच धोका. हँडब्रेकची केबल नीट ठेवा, आणि चाकाखाली दगड ठेवण्याची आपल्याकडची जुनी सवय या इंजिनासाठी खरंच उपयोगी आहे.

कूलंटमध्ये तेल: हेड उघडण्याची घाई नको

रेडिएटरच्या बाटलीत तपकिरी मलई दिसली की "हेडचं पॅकिंग गेलं" हा निकाल ठरलेला असतो. या इंजिनात ऑइल फिल्टरच्या हाउसिंगला ऑइल कूलर जोडलेला आहे. त्यात एका बाजूने तेल, दुसऱ्या बाजूने कूलंट वाहतं. कूलरची किंवा त्याच्या सीलची गळती झाली की चालू इंजिनात जास्त दाबाचं तेल कमी दाबाच्या कूलंटमध्ये घुसतं. लक्षणं अशी: कूलंटमध्ये तेल आहे, पण डिपस्टिकवर पाणी नाही, पांढरा धूर नाही, गाडी तापत नाही, सकाळी मिसिंग नाही. असं असेल तर आधी कूलर बदला. काही हजारांत काम होतं.

हेड गॅस्केट, म्हणजे हेच हेडचं पॅकिंग, खरंच गेलं असेल तर खुणा वेगळ्या. थंड इंजिन सुरू केल्यावर मिनिटभरात वरचा होज दगडासारखा कडक होतो, बाटलीत बुडबुडे येत राहतात, कूलंट कमी होतं. बाटलीच्या तोंडावर धरायची निळ्या द्रवाची टेस्ट किट मिळते. जळलेला वायू लागला की रंग पिवळ्याकडे झुकतो. दोनशे-पाचशेच्या टेस्टवर चाळीस हजारांचा निर्णय ठरतो, तरी ती करणारी गॅरेजं बोटांवर मोजण्याइतकी.

हेड उघडलंच तर लेथवाल्याकडे पाठवण्याआधी दोन गोष्टी ठरवून घ्या. एक, हेड सपाट आहे का ते पट्टी आणि फीलर गेजने बघायचं, "सगळेच फेसिंग करतात" म्हणून घासायचं नाही. दोन, गॅस्केट वेगवेगळ्या जाडीत येतं, आणि पिस्टन ब्लॉकच्या वर किती येतो ते डायल गेजने मोजून जाडी निवडायची असते. दुकानात होतं ते बसवलं आणि ते पातळ निघालं तर पिस्टन आणि व्हॉल्व्हमधलं अंतर जातं. जाड निघालं तर कॉम्प्रेशन कमी पडून सकाळी सेल्फ लांबतो. हेडचे बोल्ट ताणले जाणाऱ्या प्रकारचे आहेत, ठरलेला टॉर्क आणि मग ठरलेला कोन. जुने परत घालू नयेत. आठ-दहा बोल्टांची बचत दुसऱ्यांदा हेड उघडून वसूल होते.

इंजेक्टर आणि धूर

गाडी धूर मारते म्हणजे इंजिन बसलं असं नाही. धुराचा रंग बघा. काळा असेल तर डिझेल जास्त किंवा हवा कमी: एअर फिल्टर, टर्बोपासून इंटरकूलरपर्यंतचा फाटलेला होज, अडकलेला ईजीआर (जळलेला वायू परत आत सोडणारा व्हॉल्व्ह), नाहीतर इंजेक्टर. निळा असेल तर तेल जळतंय: टर्बोचं सील किंवा रिंग. सकाळी पांढरा, डोळ्याला झोंबणारा असेल तर डिझेल न जळता बाहेर येतंय: ग्लो प्लग (थंड इंजिन सुरू होताना तापवणारा), इंजेक्टर किंवा कॉम्प्रेशन.

इंजेक्टरसाठी सगळ्यात स्वस्त चाचणी म्हणजे रिटर्न टेस्ट. चारही इंजेक्टरच्या रिटर्न पाइपला सारख्या बाटल्या लावून दोन मिनिटं आयडलवर चालवा. चारही बाटल्यांत डिझेल साधारण सारखं हवं. एकात दुप्पट-तिप्पट भरलं तर तो इंजेक्टर आतून गळतो आणि रेल प्रेशर, म्हणजे इंजेक्टरना डिझेल पुरवणाऱ्या नळीतला दाब, बनू देत नाही. सेल्फ मारताना स्कॅनरवर रेल प्रेशर दोनशे बारच्या आसपासही जात नसेल तर गाडी सुरू होणं अवघड. इथे थेट हाय-प्रेशर पंप बदलण्याचा सल्ला मिळतो, जो सगळ्यात महाग आहे. क्रम असा ठेवा: डिझेल फिल्टर, हवा ओढणारा डिझेलचा पाइप, रिटर्न टेस्ट, रेलवरचा रेग्युलेटर, आणि पंप शेवटी.

इंजेक्टरच्या बुडाशी डांबरासारखा काळा थर आणि "चफ-चफ" आवाज असेल तर तांब्याचा वॉशर गेलाय. वॉशर काही रुपयांचा, पण तो तसाच ठेवला तर गरम वायू सीट खातो आणि इंजेक्टर इतका घट्ट बसतो की काढताना हेड खराब होतं. वॉशर बदलताना सीट कटरने साफ करून घ्या, नाहीतर महिन्यात परत तेच. दुरुस्त केलेला किंवा नवा इंजेक्टर बसवला की त्याच्यावरचा कोड स्कॅनरने ईसीयूमध्ये, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरमध्ये, घालावा लागतो. हे सोडून दिल्यामुळे "नवीन नोझल टाकूनही ठोकतंय" अशा तक्रारी होतात. हे काम गल्लीतल्या गॅरेजचं नाही, टेस्ट बेंच असलेल्या, डिझेल पंप-इंजेक्टर दुरुस्त करणाऱ्याचं आहे, आणि बेंचचा छापील रिपोर्ट आधीचा व नंतरचा मागून घ्यायचा.

टर्बो

७५ बीएचपीच्या गाड्यांत, म्हणजे स्विफ्ट, डिझायर, रिट्झमध्ये, साधा टर्बो आहे. तो तेलाने मरतो, स्वतःहून क्वचित. ९० बीएचपीच्या एर्टिगा, एसएक्स-४ आणि सियाझमध्ये पाती हलणारा टर्बो आहे. तिथे पाती काजळीने अडकतात आणि गाडी अचानक पिकअप सोडते. असा टर्बो बदलायला सांगितलं तर आधी खोलून साफ करता येतो का ते विचारा. टर्बो बदलायचाच असेल तर तेल येण्याचा पाइप नवा घाला आणि परतीचा मोकळा आहे का बघा. जुन्या पाइपमधला कार्बन नव्या टर्बोलाही मारतो. आणि जुना का मेला ते कळल्याशिवाय नवा बसवू नका.

एक धोका माहीत असू द्या. टर्बोचं सील पूर्ण गेलं तर इंजिन स्वतःचंच तेल ओढून जाळतं, रेस चढत जाते आणि चावी काढली तरी बंद होत नाही. घाबरून उतरू नका. ब्रेक दाबून ठेवा, वरचा गिअर टाका आणि क्लच झटक्यात सोडा. इंजिन दबून बंद पडतं.

अर्धी बांधणी (हाफ इंजिन), पूर्ण बांधणी की कुर्ल्याचं वापरलेलं इंजिन?

डिपस्टिकच्या नळीतून आणि तेलाच्या झाकणातून धूर फेकत असेल, तेल हजार किलोमीटरला लिटरभर खात असेल, तर कॉम्प्रेशन टेस्ट करा. ग्लो प्लगच्या जागी अ‍ॅडॉप्टर लावून, डिझेलचं गेज वापरून, कारण पेट्रोलच्या गेजवर काटा टोकाला जाऊन अडकेल. आकडा किती यापेक्षा चार सिलिंडरमधला फरक बघा. एकच कमी असेल तर थोडं तेल आत सोडून परत टेस्ट घ्या: आकडा वाढला तर रिंग, तसाच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. चारही सारखे आणि बरे आले तर तेल टर्बोमधून किंवा व्हॉल्व्ह सीलमधून जातंय, आणि बोअर-पिस्टनचं काम करण्याचं कारण नाही.

खालून टकटक येत असेल, विशेषतः रेस सोडताना, तर ते बेअरिंग. गाडी तिथेच बंद करा आणि टो करून न्या. "गॅरेजपर्यंत हळू नेतो" या दोन किलोमीटरमध्ये क्रँक ग्राइंड करण्याच्या पलीकडे जातो. कनेक्टिंग रॉडची टोपी तोडून बनवलेली असते, ती एकीची दुसऱ्याला लागत नाही, म्हणून रॉड उघडतानाच खुणा करायला सांगा. बोअर मोठा करण्याआधी ओव्हरसाइज पिस्टन हातात आलाय का बघा. आधी बोअर करून मग पिस्टन शोधणारे लेथ आहेत.

वापरलेलं इंजिन घेणं स्वस्त दिसतं. मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर ही इंजिनं मिळतात. दिल्ली-एनसीआरमध्ये दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर आलेल्या बंदीमुळे तिकडच्या तोडलेल्या गाड्यांचा मालही बाजारात आला. पण इंजिन बदललं की नंबर बदलतो, आणि तो आरसीवर चढवल्याशिवाय पुढे विक्री, फेरनोंदणी आणि विमा, तिन्ही अडतात. म्हणून ज्या गाडीचं इंजिन आहे तिची कागदपत्रं आणि पक्कं बिल नसेल तर हात लावू नका. चोरीच्या गाडीचं निघालं तर इंजिन तर जाईलच, गाडीही अडकेल. घेण्याआधी सम्प उतरवून एक बेअरिंग उघडून दाखवायला सांगा. जो विक्रेता नाही म्हणतो त्याच्याकडून घ्यायचं नाही.

गाडीची किंमत अडीच लाख आणि काम लाखाचं, हे गणित वरवर तोट्याचं दिसतं. पण बॉडी बिनगंजाची, सस्पेन्शन ठीक, कागद स्वच्छ आणि नोंदणीची पाच-सहा वर्षं शिल्लक असतील तर नीट बांधलेलं हे इंजिन लावण्याजोगं आहे. दुसरी जुनी गाडी घेतली तर तिचं इंजिन कोणत्या तेलावर चाललंय कुणास ठाऊक. पंधरा वर्षांच्या जवळ आलेल्या गाडीला मात्र फेरनोंदणी आणि पर्यावरण कराचा खर्च धरून हिशेब करा. किनारपट्टीवर, रत्नागिरी किंवा गोव्यात, राहिलेल्या गाडीची तळाची पट्टी आधी टोचून बघा. गंजलेल्या गाडीत नवं इंजिन घालणं फुकट आहे.

बांधल्यानंतर तेल मॅन्युअलमध्ये दिलेल्या ग्रेडचंच. "जुन्या गाडीला घट्ट तेल बरं" म्हणून १५डब्ल्यू-४० घालू देऊ नका. थंडीत ते टेन्शनर आणि टॅपेटपर्यंत उशिरा पोहोचतं. तेल बदलायची मुदत कागदावर दहा हजारांची असली तरी जुन्या गाडीला सात-आठ हजारच धरा. बांधलेल्या इंजिनाचं पहिलं तेल हजार किलोमीटरला काढा, फिल्टरचा कागद कापून पांढऱ्या फडक्यावर पसरा आणि उन्हात धरा. काळं दिसलं तर ठीक. चमकलं तर गाडी तिथूनच हलवू नका आणि ज्याने बांधलं त्याला गॅरेजवर बोलवून तो कागद दाखवा.